दंडाला यंत्र, मांडीला ठेका

लालबाग, मुंबई.
(तारीख घालत नाही. पत्र आपल्या वाडीतल्या दीपकच्या हाती देतोय आणि तो गावी नक्की कधी निघणार हे अजून त्यालाही माहीत नाही.)

तीर्थस्वरूप मनूदादास,

लवूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द रिवाज म्हणून लिहिला आहे. प्रत्यक्षात डावा दंड रोज सकाळी पट्ट्यात आवळून निघत असल्यामुळे आठ अंगांपैकी एक अंग सध्या कामावर नाही, ते माफ करावं.) तुझी तब्येत ठीक असेल. ललितावहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालच्या पडवीतच मुक्काम आहे, ते कळवणे. धुक्याने कलमांचा मोहोर गळल्याचं तू ग्रुपवर टाकलं होतंस, त्याखाली मी रडका चेहरा टाकायला गेलो आणि हसरा पडला. पुसायला गेलो तर त्याच्याशेजारी टाळ्या पडल्या. त्यामागे माझ्या मनात काहीच नव्हतं. आंबा जेवढा राहिला असेल तेवढा गोड निघो.

तू म्हणशील, खिशात फोन असताना या लवूला कागद-पेनाची अवदसा कुठून आठवली. त्याचं कारण असं की आमच्या घरात फोन करणं आणि नवव्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून ओरडणं यात आता फरक उरलेला नाही. मी 'हॅलो' म्हटलं की शेवंती गॅस बारीक करते. विनीत टीव्हीचा आवाज कमी करतो. सूनबाई अपेक्षा कानातला इयरफोन काढून ठेवते. (पोरगी गुणाची आहे, ते पुढे येईलच, पण कान तिखट आहेत.) म्हणून हे पत्र मी खाली कंपाउंडमध्ये, वॉचमनच्या खुर्चीवर बसून लिहितो आहे. वॉचमनला मराठी वाचता येत नाही हा त्याचा मोठा गुण आहे.

तर मुद्दा. यंदा हनुमान जयंतीची भजनाची डबलबारी आमच्याच कंपाउंडमध्ये ठरली आहे आणि समोर परळचं मंडळ आहे. गेल्या वर्षी त्यांच्या दारात जाऊन आपलं रवळनाथ प्रासादिक भजन मंडळ कसं मान खाली घालून परत आलं, ते तुला ठाऊकच आहे. त्यांच्या बुवांनी गजर असा काही चढवला की आपल्या राजाराम बुवांची पेटी मागे राहिली आणि झांजा कुठल्या कुठे गेल्या. एकटा माझा पखवाज तेवढा जागेवर होता. (हे मी म्हणत नाही, परळचे लोक म्हणाले.) त्यामुळे यंदाची बारी म्हणजे माझ्या दृष्टीने नुसतं भजन नव्हे. वर्षभर लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे आणि पतपेढीच्या रांगेत ऐकलेल्या टोमण्यांना उत्तर द्यायचं आहे, आणि ते उत्तर माझ्या दोन हातांत आहे.

होळी झाली, तालीम सुरू झाली. पहिल्याच तालमीत गजर संपवून उठलो तर समोरची भिंत जरा उजवीकडे सरकली. मी पुन्हा खाली बसलो. भिंत जागेवर आली. एवढंच झालं. पण राजाराम बुवांनी ते पाहिलं आणि माझ्याविषयीच्या प्रेमापोटी (आणि बारीच्या काळजीपोटी, प्रमाण तू ठरव) विनीतला सांगितलं. विनीतने अपेक्षाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुरियरवाला खोका घेऊन दारात उभा. त्यात हे प्रेशर मोजायचं आपोआप चालणारं यंत्र होतं.

दिसायला अगदी गरीब. पांढरं, साबणाच्या डबीपेक्षा थोडं मोठं, त्याला एक नळी आणि नळीला काळा पट्टा. पट्टा दंडाला गुंडाळायचा, बटण दाबायचं आणि विश्वास ठेवायचा. बटण दाबलं की ते आधी घुमू लागतं, मग पट्टा फुगतो. पहिल्यांदा वाटतं, बरं आहे, कुणीतरी आपुलकीने दंड धरलाय. मग वाटतं, जरा जास्तच आपुलकी झाली. मग बोटं गार पडतात, पंजा जांभळा होतो, आणि ओला टॉवेल पिळतात तसा दंड पिळून निघतो. आता सोडेल, आता सोडेल असं म्हणेपर्यंत यंत्राला काहीतरी शंका येते आणि ते आहे त्याच्या वर आणखी फुगतं. मिलमध्ये असताना माझा हात एकदा साच्यात सापडला होता, तोसुद्धा इतका चौकस नव्हता. शेवटी दया येऊन ते हवा सोडू लागतं आणि सोडताना बीप, बीप असं वाजतं. तेही धड नाही. माझ्यासारख्या माणसाला ते ऐकवत नाही, कारण त्याला लय म्हणून नाही. आठ-दहा बीप सरळ दिले की मध्येच एक मात्रा खातं आणि पुढचा बीप उशिरा टाकतं. एवढे पैसे घेऊन वस्तू बनवता, तर निदान चार मात्रा सरळ वाजवा. पण हे मी कोणाला सांगणार? घरात तालाचं ज्ञान असलेला मी एकटा, आणि मी आरोपी.

पहिला आकडा आला एकशे शहात्तर. सगळ्यांचे चेहरे पडले. मी म्हटलं, पुन्हा लाव. पुन्हा लावलं तर एकशे त्र्याऐंशी. तिसऱ्यांदा एकशे अठ्ठावन्न. चौथ्यांदा आकडाच नाही, नुसतं इंग्रजीतलं ई. माणसाने एका बैठकीत चार वेगवेगळ्या साक्षी दिल्या असत्या तर कोर्टाने त्याला हाकलून लावलं असतं. इथे मात्र चारातली सर्वांत वाईट साक्ष ग्राह्य धरली गेली.

आणि ती जाहीरही झाली. अपेक्षाने ते यंत्र तिच्या फोनला जोडलंय आणि फोन आपल्या 'घाडी परिवार' ग्रुपला. तिचा हेतू चांगला होता, सगळ्यांना काळजी असते, सगळ्यांना सारखं सांगत बसायला नको. परिणाम असा झाला की माझ्या अंगात काय चाललंय ते मला कळायच्या आत वडाळ्याला आपल्या बकुळाताईला कळू लागलं. दंडावरचा पट्टा सुटायच्या आधी तिचा फोन. लसूण चाव. तिच्या पाठोपाठ बदलापूरचा फोन, लसूण अजिबात चावू नको. तूही त्या दिवशी दोन हात जोडून 'काळजी घे' लिहिलंस, त्याबद्दल आभारी आहे. पण पाठोपाठ दुधीच्या रसाचा व्हिडिओ टाकायला नको होतास. तो शेवंतीने पाहिला. दुधीचा रस तुझ्या नावाने रोज सकाळी माझ्यासमोर येतो.

त्या दिवसापासून घरातून मीठ हद्दपार झालं. पापड गेला, लोणचं गेलं, सुकट गेली. भरलेला बांगडा मिठाशिवाय कसा लागतो ते मी तुला सांगणार नाही, तुझं गावातलं आयुष्य सुखात चाललंय ते चालू दे. पण हेही मी सोसलं असतं. खरा घाव पुढे आहे. शेवंतीने स्टुलावर चढून पखवाज कपाटावर ठेवला आणि स्टूल शेजारी देऊन टाकलं. मग जाहीर केलं की आकडा एकशे चाळीसच्या खाली आल्याशिवाय पखवाजाला हात लावायचा नाही, बारी असो नाहीतर साक्षात रवळनाथ येवो. राजाराम बुवांना तसा निरोपही गेला. तुझी भावजय किती कमी बोलते ते तुला माहीत आहे, पण बोलली की त्यावर अपील नसतं.

मग माझी आकडा खाली आणायची खटपट सुरू झाली. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय, मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता शांत बसावं. ज्याने हे लिहिलं तो लालबागला राहत नसावा. चैत्रात इथे गल्लोगल्ली मिरची कांडायला पडलेली असते. मी शांत बसलो की खालून ठसका येई, मी खोकलो की यंत्राला शंका येई, आणि यंत्राला शंका आली की ते पुन्हा आवळू लागे. खिडक्या लावल्या तर शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारणार, काय झालं, कोण आजारी आहे का? दारात आलेल्या माणसासमोर तोंड मिटून बसायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी मजल्यावर आमचं भांडण झाल्याची बातमी. म्हणून बोलावं लागे. त्या बसत, चहा येई, त्यांनाही एकदा लावून बघायचं असे. त्यांचा आकडा एकशे अठरा. त्यांच्या सासूबाई नव्वदीच्या, त्यांचा एकशे सव्वीस. आमच्या मजल्यावर माझ्याइतकं प्रेशर कोणालाच नाही हे सिद्ध झाल्यावर लिफ्टमध्ये लोक मला जागा करून देऊ लागले. इतका मान मला पखवाज वाजवून कधी मिळाला नव्हता.

शेवटी मी गुपचूप डॉक्टर सुचित्राकडे गेलो. (आपल्या जुन्या डॉक्टरांची मुलगी. दवाखाना तोच, बाकही तेच.) तिचं यंत्र जुन्या चालीचं. कापडी पट्टा, घड्याळासारखी तबकडी, रबरी फुगा. फुगा ती हाताने दाबते, पूर्वी आपण स्टोव्हला हवा मारायचो तसा, मग कोपरात स्टेथोस्कोप लावून ऐकत ऐकत हळूहळू हवा सोडते. दंड आवळतो, नाही असं नाही, पण माणसाने आवळलेला कळतो. दुखलं तर तोंड वाकडं केलेलं तिला दिसतं. आणि त्यात आवाज काही नाही, घूं नाही, बीप नाही. आकडा एकशे चव्वेचाळीस. मी तो आनंदाने घरी घेऊन आलो.

घरच्या कोर्टाने साक्ष फेटाळली. विनीतचं म्हणणं, डॉक्टर ओळखीच्या आहेत, त्यांनी पप्पांचं मन राखलं. यंत्र कोणाच्या ओळखीचं नाही, ते कशाला खोटं बोलेल? मी म्हटलं, अरे, शिकलेली बाई आहे, स्वतःच्या कानाने ऐकून सांगते. तर म्हणाला, म्हणूनच. कानाने ऐकण्यात माणूस चुकतो. हे त्याने मला सांगितलं. ज्याने आयुष्यभर कानाशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास ठेवला नाही, त्या मला. मला राग आला, आणि अपेक्षाने तेवढ्यात पट्टा लावला, आणि एकशे एक्याण्णव आले, आणि ग्रुपवर गेले, आणि बकुळाताई वडाळ्याहून टॅक्सी करून आली.

तिनेच तोडगा काढला. म्हणाली, दोघांना समोरासमोर बसवा. म्हणजे दवाखान्यात जायचं, एका दंडाला हे यंत्र आणि दुसऱ्या दंडाला डॉक्टरीण, एकाच वेळी. दादा, म्हणजे डबलबारीच की. मला ते पटलं. डॉक्टर सुचित्रा म्हणाली, असं करायची पद्धत नाही काका, पण तुमच्या घरात शांतता नांदणार असेल तर या.

गेल्या सोमवारी गेलो. शेवंती यंत्र भाजीच्या पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून माझ्याबरोबर आली. बाकावर पेशंट होते, त्यांना विषय कळला आणि ताप आलेले लोकही सावरून बसले. डाव्या दंडाला यंत्र, उजव्या दंडाला डॉक्टर. यंत्र घुमू लागलं, डॉक्टर फुगा दाबू लागली. दोन्हीकडून दंड असे आवळले की मला कोणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाहेर टाकतंय असं वाटलं. मी डोळे मिटले. मग यंत्राचं बीप, बीप सुरू झालं. डॉक्टरने सांगितलं, एकशे सेहेचाळीस. यंत्राने सांगितलं, एकशे अडुसष्ट. बाकावर कुजबुज झाली. मी डोळे उघडले तर शेवंती माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या मांडीकडे बघत होती.

"तुमी बोटां कित्याक नाचयतास?" असं तिने भर दवाखान्यात विचारलं.

मी म्हटलं, मी कुठे काय करतोय? मी तर पुतळ्यासारखा बसलो होतो. ती म्हणाली, परत लावा आणि आता सगळ्यांनी बघा. परत लावलं. यंत्र घुमायला लागलं आणि दादा, मी स्वतः बघितलं, माझ्या डाव्या हाताची बोटं आपल्या मनाने उठली आणि बीपच्या मागोमाग मांडीवर भजनी ठेका धरू लागली. मला न विचारता! इतकी वर्षं पखवाजाच्या कणकेवर पडलेला तो हात. त्याला कुठेही काही सरळ वाजताना ऐकू आलं की तो कामाला लागतो. डॉक्टरच्या यंत्राला आवाज नाही, म्हणून तिच्याकडे तो झोपून राहतो. घरच्या यंत्राला बीप आहे, म्हणून तिथे ही बारी चालू. डॉक्टर हसू दाबून म्हणाली, काका, हात हलला की हे यंत्र गोंधळतं, त्याला दंडातली नाडी आणि बोटांची हालचाल वेगळी कळत नाही, मग ते पुन्हा पुन्हा आवळतं आणि भलताच आकडा देतं. हात सैल, पसरलेला आणि गप्प पाहिजे. मी म्हटलं, मी तो गप्प ठेवतो. ठेवला. बीप वाजला. बोटं उठली.

तेव्हा शेवंती स्टूल ओढून माझ्याजवळ बसली आणि तिने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून मांडीवर दाबून ठेवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चार लोकांत हात धरायचा प्रसंग सप्तपदीनंतर आला नव्हता. बाकावरच्या बायका खाली बघू लागल्या. मीही खाली बघत होतो. यंत्र फुगलं, घुमलं, बीप झालं, बोटांनी उठायचा प्रयत्न केला, शेवंतीने ती दाबली. आकडा एकशे सत्तेचाळीस. डॉक्टरच्या सेहेचाळीसच्या शेजारी. बाकावरचा एक म्हातारा 'वा!' म्हणाला.

तर दादा, निकाल असा लागला. यंत्र तसं खोटं नाही आणि डॉक्टरीण माझं मन राखत नव्हती. प्रेशर आहे, पण थोडं. गोळी सुरू केली आहे. चाळीस आणि सेहेचाळीस यात सहाचाच फरक, तो शेवंतीकडे घासाघीस करून मिटवता येईल असा माझा हिशोब होता. बकुळाताईने ग्रुपवर 'लवू निर्दोष' असं लिहून वर फटाके टाकले, ते तू पाहिलेच असशील. हल्ली रोज सकाळी शेवंती माझा हात धरून बसते आणि आकडा रोज शहाण्यासारखा येतो. मीठ चिमूटभर परत आलं आहे. दुधीचा रस मात्र चालूच आहे.

बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार, कलमांना शुभेच्छा. वाडीत सर्वांना विचारलंय म्हणून सांग.

तुझा धाकटा भाऊ,
लवू

ता.क. – सही करून झाल्यावर लक्षात आलं की दवाखान्यातली एक गोष्ट लिहायची राहिली. खरं तर राहिली नव्हती, वगळली होती. पट्टा सोडताना मी डॉक्टरला म्हटलं, आता निकाल लागलाच आहे तर या यंत्राविरुद्ध माझीही एक तक्रार आहे. याला लय नाही, हे मध्येच मात्रा खातं. ती म्हणाली, कुठे खातं? मी टेबलावर वाजवून दाखवलं: हे बघ, सरळ, सरळ, सरळ, इथे खड्डा, आणि इथे उशिरा. एकदा नाही, चारदा दाखवलं, अगदी रंगून. तिचं हसू गेलं. ती म्हणाली, काका, यंत्राला स्वतःचा ताल नसतो. ते तुमचे ठोके वाजवतं.

मी म्हटलं, शक्य नाही. तिने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग समोरच्या सेंटरमध्ये कार्डिओग्राम काढायला पाठवलं. कागदाच्या पट्टीवर सगळं उमटलं होतं. सरळ, सरळ, सरळ, आणि खड्डा. मी टेबलावर वाजवला होता तिथेच. ती म्हणाली, ठोके असे वेडेवाकडे पडत असले की आपोआप चालणारं यंत्र आणखी गडबडतं, म्हणून घरचा आकडा नुसता अंदाज, खरं प्रेशर आता दवाखान्यात हातानेच, दोन-तीनदा मोजून धरायचं. घाबरू नका, गोळ्यांनी आटोक्यात राहतं. पण छातीला चोवीस तास यंत्र चिकटवून बघायचं आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे, आणि ते होईपर्यंत चार तासांची बारी नाही. मी विचारलं, फक्त शेवटचा गजर? ती म्हणाली, शेवटचा गजर तर मुळीच नाही.

दादा, तुला म्हणून सांगतो, मी घाबरलो. मरणाचं भय वाटलं असं नव्हे, ते पुढचं पुढे. भय याचं वाटलं की मी पंधरा-वीस दिवस त्या डबीला नावं ठेवत होतो, ताल नाही, लय नाही, आणि चुकत मी होतो. दुसऱ्या कोणाची मात्रा गेली तर मी झोपेतून उठून सांगेन. माझी गेली ती मला कळली नाही.

ता.क. २ – आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो. हनुमान जयंतीला तू ये. आंब्याचे दिवस आहेत, कलमांवर माकडं बसली आहेत, हे सगळं मला कळतं, तरी ये. राजाराम बुवा परळकडचाच एक भाड्याचा वादक आणतो म्हणतात. त्याचा हात चांगला आहे, पण मला तो नको. मला बोटं कुठे ठेवायची ते तू शिकवलंस. तू समोर बसलास तर मला वाटेल की मीच बसलोय. मी मागे झांज घेऊन बसेन, हळू वाजवेन, डॉक्टरची झांजेला हरकत नाही. (विचारलेलं नाही, पण नसावी.) माझी मात्रा गेली तर तू सावरून घे, कोणाला कळणार नाही. आणि हो, पखवाज माझाच घे. शेजारून स्टूल आणून कपाटावरून काढून ठेवलाय. तुझ्यासाठी म्हणून सांगतो, दुसऱ्या कोणाला दिला नसता.

– ती. भावोजींना शेवंतीचा नमस्कार. यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं आणि ते मी वाचलं. वॉचमनला मराठी वाचता येत नाही, पण हे खाली बसून काय करतात ते सांगता येतं. तुम्ही नक्की या, ललिताताईंनाही आणा, लिफ्ट आहे. हे वरून हसतात, पण सकाळी पट्टा सुटला तरी माझा हात सोडत नाहीत, ते ठेक्यामुळे नाही, हे मला कळतं. डॉक्टरांनी मला नाडी धरायला शिकवलंय. खड्डा आला की मी थोडा घट्ट धरते, म्हणजे यांना वाटतं मी बोटं दाबायलाच धरलाय. एक विनंती आहे, येताना तुमचा पखवाज घेऊन या. यांनी वर काहीही लिहिलेलं असलं तरी काल दुपारी त्यांनी त्यांचा पुसला, वाद्या ताणल्या, गवसणीत घातला आणि गवसणीला अशी गाठ मारली की ती कोणाला सुटायची नाही. ती सोडा असं मीही त्यांना म्हणणार नाही.